थोरलीची शिवण

९ फेब्रुवारी

आलो बाई एकदाचे! टेम्पोवाल्याने कपाट उतरवताना दाराच्या चौकटीचा टवका उडवला आणि वर मलाच सांगायला लागला की चौकट आधीपासूनच तशी होती. मी भांडायला पदर खोचला होता, पण ठकूने हळूच सांगितलं की आई, पहिल्याच दिवशी नको. सात वर्षांची पोर आणि अक्कल माझ्या सासूची! म्हणून सोडून दिलं.

घर रोपवाटिकेच्या आवारातच आहे. दोन खोल्या, मागे न्हाणीघर, पुढे सिमेंटची रुंद पायरी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिरव्या जाळीखालची रोपं दिसतात, त्यांच्यापलीकडे तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे थेट जंगल. इतकी वर्षं मी लग्नाच्या स्टेजवर मांडायच्या कुंड्या वाढवत होते. त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, फार तर नवरीच्या मामीचा पदर अडकतो. इथली झाडं म्हणजे जंगलातली जुनी, दुर्मिळ, संपत आलेली. बी गोळा करायचं, रुजवायचं, रोप कमरेएवढं झालं की परत जंगलात नेऊन लावायचं. काम चोख केलं तर कायम करतील, घर राहील आणि ठकूला दर वर्षी नवी शाळा शोधावी लागणार नाही. आणखी काय हवं?

संध्याकाळी कप्तानाचा फोन आला. कप्तान म्हणजे माझा नवरा. जहाजावर स्वयंपाक करतो, पण बोलतो असा की जहाज याच्याच खांद्यावर चाललंय. घर आवडलं का, विचारत होता. म्हटलं, तू नाहीस म्हणून ऐसपैस वाटतंय. हसला. मग मी ठकूकडे फोन दिला.

१२ फेब्रुवारी

माणसं मोजकीच. मालकीणबाईंना सगळे डॉक्टर म्हणतात, त्या झाडांच्या डॉक्टर आहेत. आसपासच्या लोकांना हा फरक पटलेला नाही. काल एक बाई पोराचा कान दुखतो म्हणून घेऊन आली होती. डॉक्टरांनी तिला दवाखान्याचा रस्ता दाखवला आणि पोराच्या हातात एक रोप दिलं. बाई रोप वाटून कानात घालायचं का विचारून गेली!

मावशी इथल्या मुकादम. तोंडाने फटकळ, पण सकाळी माझ्या आधी ठकूला चहात बिस्किट बुडवून देणार. फाटकावर आजोबा आहेत. त्यांच्या डोक्याला उजव्या बाजूला खोलगट खड्डा आहे, टोपी तिथे आत बसते. ठकूने तोंडावरच विचारलं की हे कसं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबा म्हणाले, घरातच लागलं बाळा, आणि तिला कोंबडीचं पीस दिलं.

काम मला नवं नाही आणि आहेही. काही बी पिकल्यावर आठवड्यात मरतं, ते वाळवायचं नाही. काहींचा गर चोळून धुवायचा, नाहीतर बुरशी धरते. काहींना गरम पाण्यात रात्रभर ठेवायचं. प्रत्येकाचे नखरे वेगळे, आमच्या सासरच्या मंडळींसारखे.

आणि सगळ्यांत नखरेल म्हणजे थोरली. हे इथल्या लोकांनी ठेवलेलं नाव. जंगलात तिचं एकच झाड उरलंय असं डॉक्टर सांगतात. कित्येक वर्षांत एकदा फळते आणि यंदा फळली आहे. फळ मुठीएवढं, आत एकच कोय, आणि कोय अशी टणक की कानस घासा, उकळा, तेजाबात घाला, ढिम्म. ती फोडावी लागते. हातोडीने, हाताने, एकेक. पडलेलं फळ महिन्याभरात फोडलं नाही तर आतला दाणा आतच कुजतो.

फोडायची खोली मागे, पत्र्याची. तिच्यासमोरून जाताना सगळे डोक्यावर हेल्मेट घालतात, मोटारसायकलचं. मावशी साडीवर लाल हेल्मेट घालून चालल्या की मला हसू आवरत नाही. टरफलं उडतात म्हणून, असं त्या म्हणाल्या. बंद दारातून कशी उडतात ते मी विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी

आज मला फोडायला बसवलं.

मावशींनी आधी नियम सांगितले. एकाने तीन दिवस फोडायचं, मग महिनाभर कोयीला हात लावायचा नाही. हातोडी खोलीबाहेर न्यायची नाही. फोडणारीने जेवण एकटीने करायचं आणि तिच्यासमोर कुणी मान खाली घालून बसायचं नाही. मी म्हटलं, अहो मावशी, कोय फोडायची आहे की कुणाचा संसार? त्या हसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हातोडी माझ्या हातात आणून दे, एवढंच म्हणाल्या.

खोलीत दगडी ठोकळा आहे, त्याला मधोमध वाटीसारखा खळगा. कोय खळग्यात उभी धरायची. तिच्या अंगावरून एक बारीक रेघ जाते, तिला इथे शिवण म्हणतात. ती डोळ्याला दिसत नाही, अंगठा फिरवला की लागते. बरोबर शिवणीवर घाव बसला तर कोय दोन शकलांत उघडते आणि आतला दाणा अखंड राहतो. घाव जरा जोरात पडला तर दाण्याचा चेंदा. हळू पडला तर कोय निसटून भिंतीवर. सकाळभर मी नुसता चेंदा केला. पांढरा, चिकट, बोटांना लागलेला. जीव हळहळला.

दुपारनंतर एकदम जमलं. टक्! असा कोरडा, स्वच्छ आवाज आला आणि कोय उघडली. आत ओला, गुलाबीसर दाणा. मी मोठ्याने हसले. मग दुसरी, मग तिसरी. डॉक्टर मागे येऊन उभ्या राहिल्या, हेल्मेट घालूनच, आणि म्हणाल्या की पहिल्या दिवशी असा हात मी कुणाचा पाहिला नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. स्टेजच्या कुंड्या वाढवणाऱ्या बाईला कुणी असं म्हटलं नव्हतं.

घरी येताना हात दुखायला हवे होते. दुखले नाहीत.

२० फेब्रुवारी

माझे तीन दिवस संपले. हातोडी मावशींना देताना बोटं सोडवत नव्हती, तेव्हा मावशींनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं.

आता पिशव्या भरायला बसते. माती, वाळू, शेणखत, माती, वाळू, शेणखत. कंटाळा येतो. पत्र्याच्या खोलीतून मावशींचे घाव ऐकू येतात आणि प्रत्येक घाव मला कळतो, हा चुकला, हा हळू पडला. त्यांचे निम्मे दाणे मरतात. एवढं दुर्मिळ झाड, आणि केवळ नियम म्हणून माझ्यासारखीने माती चिवडत बसायचं? हा कुठला न्याय?

घरी खोबरं हवं होतं म्हणून नारळ फोडला. एकाच घावात बरोबर दोन वाट्या. ठकूने टाळ्या वाजवल्या. मग मी दुसराही फोडला, उगाच. आणि तिसरा. पाणी ओट्यावरून खाली वाहत होतं. ठकूने विचारलं की आई, इतकं खोबरं कोण खाणार, तेव्हा मी थांबले.

२३ फेब्रुवारी

मावशींच्या लेकीचे दिवस भरलेत, त्या तिच्याकडे गेल्या. फोडणारा दुसरा गडी होता, त्याने मनगट मुरगळल्याचं सांगून घर गाठलं. आणि जंगलातून फळांच्या पाट्या येताहेत. खोलीच्या दारापाशी ढीग लागलाय आणि त्याला आंबूस वास सुटलाय.

डॉक्टर स्वतः माझ्या घरी आल्या. ठकूच्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या की हा बहर गेला तर त्यांच्या हयातीत पुन्हा येणार नाही, आणि झाडाचं खोड आतून पोकळ झालंय, एखादं वादळ आणि संपलं. तीन दिवसांचा नियम हातांना विश्रांती मिळावी म्हणून आहे, बाकी सगळ्या लोकांच्या समजुती. मी तयार आहे का? कायम करण्याचे कागद याच महिन्यात करू, असंही म्हणाल्या.

खरं सांगायचं तर त्यांनी कागदाचं नाव काढलं नसतं तरी मी हो म्हटलं असतं. त्या बोलत होत्या तेव्हाच मी मांडीवर अंगठा फिरवत होते, शिवण शोधल्यासारखा.

आजोबांना कळलं तसे ते फाटक सोडून आले. हात दाखवून अवलक्षण करू नकोस पोरी, एवढंच बोलून गेले. मला राग आला. म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.

२८ फेब्रुवारी

सकाळी ठकू शाळेला गेली की बसते, ती आली की उठते. आता चेंदा होतच नाही. कोय हातात घेतली की ती आपणहून वळते आणि शिवण वर येते.

एक गंमत. पहिल्या दाण्यांना वाळूत कोंब फुटले. बोटभर, पांढरट. कोंब उजेडाकडे वळतात हे शाळेतलं पोरही सांगेल. हे खिडकीकडे वळत नाहीत. मी वाफ्याच्या या टोकाला उभी राहिले तर इकडे, त्या टोकाला गेले तर थोड्या वेळाने तिकडे. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी फोटो काढले आणि आनंदाने माझा हात दाबला. त्यांना भीती वाटली नाही म्हणून मलाही वाटली नाही.

एक मात्र नक्की कळलंय. आतला दाणा आत गुदमरत असतो. बाहेर येण्यासाठी तो धडका देतो, कान लावला तर ऐकू येतं. आपण फोडत नाही, सोडवतो.

फोनवर कप्तानाला हे सांगितलं तर तो म्हणाला की जास्त काम करू नकोस. त्याला काय कळणार?

३ मार्च

आज जे झालं ते लिहून ठेवते, कारण ते मी केलं असं अजून वाटत नाही.

दुपारी माकड आलं. रोज येतात, फळं पळवतात, आपण हाकलतो. ही मादी होती, पत्र्यावरून उतरून थेट दारात. मी हातोडी आपटून हाकललं. ते गेलं नाही. एक फळ उचलून, माझ्याकडे पाठ करून, खाली मान घालून ते सोलू लागलं.

त्याच्या डोक्यावरचे केस वाऱ्याने दुभंगले आणि मला शिवण दिसली.

एक घाव. टक्. तोच आवाज, तसाच कोरडा. ते ओरडलंही नाही. मी दुसरा घातला, तिसरा घातला, गरज नव्हती तरी. मग गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ते उघडलं. हात मनगटापर्यंत गरम झाले. मी दाणा शोधत होते. लाल, करडं, पांढरं, सगळं बोटांतून निसटत होतं आणि दाणा नव्हता, आणि मी रडत होते, ते मेलं म्हणून नाही, दाणा सापडत नाही म्हणून.

भानावर आले तेव्हा पत्र्यावर बाकीची माकडं ओळीने बसली होती. एकही ओरडत नव्हतं. मी ते पोत्यात घालून पुरलं, ठोकळा धुतला, साडी बदलली. ठकू आल्यावर तिला दूध दिलं. तिने माझ्या नखांकडे बघून विचारलं, मी म्हटलं की फळाचा रंग आहे.

५ मार्च

आजोबांना सगळं कळलं होतं. पोतं पुरलं तिथली माती कुत्र्यांनी उकरली. त्यांनी मला पायरीवर बसवलं, स्वतः मात्र उभेच राहिले आणि बोलले.

थोरली मागे फळली होती तेव्हा कोया त्यांच्या बायकोने फोडल्या. तिचाही हात असाच गोड होता. तेव्हाही पाट्या जास्त आणि माणसं कमी, तेव्हाही डॉक्टरांनी नियम मोडला. पंधरवड्याने बायको घरी आली, ते वाकून बुटाची नाडी बांधत होते. पुढचं त्यांना आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा ती शेजारी बसून त्यांच्या डोक्यावरून अंगठा फिरवत होती आणि म्हणत होती की जरा हळू पडला. आता ती भावाकडे असते. तिच्या खोलीत टणक असं काही ठेवत नाहीत, ताटदेखील कागदाचं.

मी डॉक्टरांना जाऊन विचारलं की हे खरं का? त्यांनी नाही म्हटलं नाही. आता थोडाच ढीग राहिलाय, एवढा पुरा कर, असं म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला होता. त्यांनी ओंजळीत एक रोप धरलं होतं, आईने पोर धरावं तसं.

मी हो म्हटलं. मी हो का म्हटलं? लाज वाटते लिहायला. ढीग थोडाच राहिलाय हे ऐकून मला वाईट वाटलं होतं, म्हणून.

८ मार्च

आज खोलीत गेले नाही. दिवसभर गाद्या उन्हात घातल्या, डबे घासले. हाताला रिकामं राहू दिलं नाही.

सकाळी ठकूच्या वेण्या घालायला बसले. तेल लावलं, फणीने मधोमध भांग पाडला. पांढरी सरळ रेघ. ती पुढे वाकून पाढे म्हणत होती. माझा अंगठा रेघेवर ठेवलेला. आतून धडका येत होत्या — मऊ, एकसारख्या — मला सोडव, मला सोडव —

दुसऱ्या हातात फणी नव्हती. पितळी तांब्या होता. कधी उचलला?

तांब्या न्हाणीघरात भिरकावला. ठकू दचकली. तिला म्हटलं की आजपासून वेणी नाही, केस मोकळे सोड, छान दिसतात. बाई रागावतील म्हणाली. रागावू देत. मी तिला पोटाशी धरलं नाही. धरायचं होतं.

ताईला फोन केला. ठकूला घेऊन जा, लगेच, कारण विचारू नकोस. ताई म्हणाली की सुट्टी मिळाली की येते, चारेक दिवस लागतील. तोवर माझ्या लेकीला माझ्यापासून सांभाळायचं. बाकी काही नाही.

१० मार्च

ठकू आजोबांच्या घरी, त्यांच्या बायकोच्या रिकाम्या खोलीत झोपते. तिला वाटतं मला खोकला झालाय.

मला वाटलं की कोया फोडल्या तर हाताची भूक भागेल, मग ठकू वाचेल. म्हणून खोलीत गेले. दिवसभर फोडल्या. भूक भागत नाही. वाढते.

मावशी परत आल्या. नातू झाला. बर्फी घेऊन खोलीत आल्या आणि मला बघून हातातला पुडा खाली पडला. त्यांनी हेल्मेट घातलं नव्हतं. पण त्या जुन्या आहेत, मान खाली घातली नाही. डोळ्यांत डोळे घालून जवळ आल्या आणि म्हणाल्या, दे ती इकडे. हात पुढे केला.

मी त्यांचा हात ठोकळ्यावर दाबला आणि घाव घातला. चार बोटं. त्यांची किंकाळी — मी मात्र त्यांच्या बोटांकडे बघत होते आणि मनात आलं की यात दाणा नसतो, वाया गेला घाव.

आजोबांनी त्यांना गाडीत घालून नेलं. मावशी जाताना मला शिव्या देत नव्हत्या. ठकूला सांभाळा, ठकूला सांभाळा, असं आजोबांना सांगत होत्या.

११ मार्च

डॉक्टरांना म्हटलं मला कोंडा. पोलिसांना बोलवा. त्या म्हणाल्या की उद्या. एकच पाटी आहे — उद्या संपेल — मग तू म्हणशील ते करू.

कोंब वीतभर झालेत. सगळे माझ्या घराकडे वळलेत. भिंतीआडून.

ताई उद्या संध्याकाळी पोचते. एकच दिवस. देवा, एकच दिवस.

१२ मार्च

डॉक्टर गेल्या. मी मारलं.

शेवटची कोय होती. त्या दारात उभ्या, हेल्मेट डोक्यावर. कोय फुटली, दाणा अखंड. त्यांना राहवलं नाही. नीट दिसावा म्हणून हेल्मेट काढलं, ठोकळ्यावर वाकल्या, दाणा दोन बोटांत उचलला. सुंदर, म्हणाल्या. करडे केस, मधोमध भांग.

पहिला घाव बरोबर शिवणीवर. त्या गुडघ्यावर बसल्या, हात वर, दाणा वरच धरलेला, खाली पडू दिला नाही. माझ्याकडे बघितलं. दुसरा. तिसरा. पत्र्यावर, छतावर, माझ्या तोंडात — खारट — मी ओरडत होते थांब, थांब, आणि हात थांबत नव्हता. माझाच हात. चेहरा राहिला नाही. मी उघडलं. शोधलं. सगळीकडे शोधलं.

काही नव्हतं. कुणाच्यातच काही नसतं. हे हाताला कसं सांगू?

आजोबा आले. मी हातोडी त्यांच्या पायाशी टाकली, मग पुन्हा उचलली — म्हटलं मागे व्हा, घराकडे चला, मला आत घाला, बाहेरून कडी लावा. ठकूला शाळेतून परस्पर न्या. इथे आणू नका. ते रडत होते. कडी लावली. पोलिसांना आणायला आणि ठकूला घ्यायला गेले.

त्याच दिवशी

डाव्या हाताने लिहिते आहे. ठकूची पेन्सिल.

उजवा नाही आता. दार लागल्यावर उंबऱ्यावर ठेवला आणि डाव्या हाताने हातोडी मारली. बोटं, मग तळवा, मग मनगट. आवाज ओला होता. दोनदा शुद्ध गेली. फडक्यात बांधलाय, फडकं भरलं. पण बरं वाटतंय. ठकू वाचली.

हातोडी खिडकीच्या गजांतून बाहेर फेकली. बत्ता, इस्त्री, तांब्या, पाट्याचा वरवंटा, सगळं फेकलं.

आधी डाव्याने एक अक्षर धड येत नव्हतं. आता बघ. ओळ सरळ येतेय. इतक्या लवकर —

स्टूल राहिलं. लाकडी. कोपऱ्यात. डावा हात सारखा तिकडे जातो. पेन्सिल धरली की जात नाही. म्हणून लिहायचं. पोलीस येईपर्यंत लिहायचं. पेन्सिल सोडायची नाही.

पावलं. आजोबांची नाहीत. हलकी.

शाळा लवकर सुटली म्हणते. आजोबा दिसले नाहीत म्हणून एकटी आले. दाराशी आहे. आई बाहेरून कडी कुणी लावली

ओरडले जा. पळ. फाटकाकडे जा. ताई येतेय जा. हसते आहे. खेळ वाटतोय तिला

कडी खाली आहे. तिचा हात पोचतो

लिही. काहीही लिही. हात पेन्सिलीत ठेव. ठकू ठकू ठकू. पाढे. बे एके बे बे दुणे चार — कडी वाजली — बे त्रिक सहा बे चोक आठ — आत आली — बे पंचे दहा — आई तुझ्या हाताला काय झालं — रडतेय, जवळ येतेय, नको गं, नको येऊस बाळा — बे सक बारा — खाली बसली, फडक्याकडे वाकून बघतेय — बे साते चौदा बे आठे सो